चार रुपये पगाराच्या बाईंची शाळा



जून महिना म्हणजे आपल्या घरात नुसती धांदल. इतरत्र शाळा महिन्याच्या मध्यालाच सुरू होतात, पण आपल्या विदर्भातलं ऊन मृगालासुद्धा जुमानत नाही, म्हणून आपली घंटा महिनाअखेरीस वाजते. तोवर वह्यांना कव्हरं घालायची, गणवेशाची दुमड उसवून चार बोटं खाली सोडायची, दप्तराचा पट्टा शिवून घ्यायचा. गेल्या खेपेला आपण डब्यात काय द्यावं याबद्दल बोललो. तुमची पुष्कळ पत्रं आली. कुणी मुगाच्या डाळीचे धिरडे सुचवले, कुणी सांबारवड्या.

आज डबा-दप्तर बाजूला ठेवू या. बोलायचं आहे शाळेबद्दलच, पण एका वेगळ्या शाळेबद्दल. ज्यांना शाळेच्या दारातून परत पाठवलं, त्यांनी स्वतः काढलेल्या शाळेबद्दल. ती आपल्या नागपुरातच निघाली आणि एका बाईनं काढली. त्यांचं नाव जाईबाई चौधरी. सीताबर्डीवर जन्म काढलेल्या बायकांनाही हे नाव पटकन आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. महार समाजातलं गरीब घर. १८९६ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि घरची माणसं नागपूरला आली. इथं आल्यावर मुलीला थोडंफार लिहायला-वाचायला मिळालं. १९०१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी लग्न झालं. घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत. तेव्हा जाईबाई हमाली करू लागल्या. नागपूरहून कामठीपर्यंत डोक्यावर ओझं घेऊन चालत जायचं, हा त्यांचा रोजगार. आज आपण ऑटोनं कामठीला जाऊन आलो तरी घरी येऊन पंख्याखाली बसतो. वैशाखातला तो रस्ता, डोक्यावर भार, पायात काही असेल-नसेल, ही गोष्ट नुसती डोळ्यांसमोर आणून बघा.

या बाईला अक्षरओळख आहे हे मिस ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंना कळलं. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून ठेवलं. पगार महिना चार रुपये. डोक्यावरचं ओझं उतरलं आणि हातात खडू आला. पण फार दिवस नाही. नवीन बाई महाराच्या आहेत असं कळल्यावर हिंदू घरांतून तक्रारी सुरू झाल्या. पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली.

मी स्वतः अर्धवेळ शिकवते, म्हणून मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. त्या शिकवण्यात काही कमी पडल्या असं कुणाचं म्हणणं नव्हतं. मुलांना मारलं, हजेरीला उशीर केला, पाढे चुकीचे शिकवले, असलं काहीच नाही. तक्रार एवढीच की बाई कोणत्या घरात जन्मल्या. आणि मुलं काढून घेतली म्हणजे कुणी काढून घेतली? मुलांना सकाळी न्हाऊ-माखू घालून शाळेत कोण पाठवत असे? त्या घरांतल्या आया. बापांनी ठरवलं असेल, आजोबांनी दटावलं असेल, पण दुसऱ्या दिवशी पोराला घरी बसवणाऱ्या बायकाच. आपल्याच आज्या-पणज्या म्हणा ना. त्या काही दुष्ट नव्हत्या. सणावाराला दान करणाऱ्या, दारी आलेल्याला उपाशी न पाठवणाऱ्या होत्या. त्यांना ही गोष्ट इतकी सहज वाटली की तिच्यात कुणाचं काय जातं हा विचारही शिवला नाही. जाईबाईंचं मात्र सगळंच गेलं.

अशा वेळी माणूस काय करतो? परत ओझं उचलतो. जाईबाईंनी १९२२ मध्ये स्वतःची शाळा काढली. नाव ठेवलं संत चोखामेळा कन्या शाळा. नावातच सगळं आलं बघा. विठोबाच्या देवळाबाहेर ज्याला उभं राहावं लागलं, त्या संताचं नाव, आणि ज्यांना कुठल्याच शाळेत धड जागा नव्हती त्या मुलींची शाळा. पुढं शाळा वाढत गेली, जाईबाईंच्याच नावाचं ज्ञानपीठ झालं. ज्या बाईच्या हाताखाली मुलं ठेवायला लोक तयार नव्हते, तिचं नाव शाळेच्या पाटीवर आलं.

त्यांच्याआधी नागपुरात ही वाट एका गृहस्थांनी पाडली होती, त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. किसन फागुजी बनसोड हे आपल्या मोहप्याचे. जन्म १८७९ चा. त्यांनी १९०७ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा सुरू केली. पुढं स्वतःचा छापखाना घातला, पत्रं काढली, गिरणी कामगारांत काम केलं. लक्षात घ्या, पहिली शाळा मुलींची! घरात मुलगा शिकला की पुढं बघू, असं म्हणायचा तो काळ. ज्या घरांत मुलग्यालाच शाळेचं दार बंद, तिथं मुलींपासून सुरुवात करणं याला छाती लागते.

आता कुणी म्हणेल, वेगळी शाळा कशाला? सरकारी शाळा होत्याच की. होत्या. तुमच्या-आमच्या इतिहासाच्या पुस्तकात धारवाडची हकीकत चार ओळींत असते किंवा नसतेच. १८५६ मध्ये तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलानं नाव घालण्यासाठी अर्ज केला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. सरकारनं त्याला घेतलं नाही. सबब काय, तर या एका मुलाला घेतलं तर बाकीची सगळी मुलं शाळा सोडून जातील. पुढं दोन वर्षांनी हुकूम निघाला की सरकारी शाळा सगळ्या जातींना खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं. पण गावातल्या मास्तरानं त्या पोराला वर्गाबाहेर बसवलं, त्याची पाटी दुरूनच तपासली, पाणी वरून ओतलं, तर हुकुमाचा कागद काय करणार? बाबासाहेब आंबेडकरांसारखा मुलगासुद्धा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसूनच शिकला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणून ज्यांना कळकळ होती त्यांनी आपल्या शाळा काढल्या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांसाठी. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडल्याची गोष्ट आपण दर वर्षी तीन जानेवारीला ऐकतो. पण त्या शाळेतून काय निघालं तेही ऐकलं पाहिजे. त्यांची एक विद्यार्थिनी, मुक्ता साळवे, मांग समाजातली, अवघी चौदा वर्षांची. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना वेद ऐकायचीही बंदी त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. आपल्याकडे आठवी-नववीतल्या मुलीला ‘माझा आवडता ऋतू’ लिहायला दिला तर ती गाइडमधून उतरवते! मुक्तानं जे भोगलं ते लिहिलं. शाळा आपली असली की मूल आपलं बोलतं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

याच जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, आणि ते अर्पण केलं कुणाला, तर गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना सातासमुद्रापलीकडची माणसं जवळची वाटली. तेव्हा आपणही थोडं तिकडं डोकावू या. कारण तिथल्या माणसांनीही अगदी अशाच शाळा काढल्या होत्या.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून राबवलं. कापसाच्या शेतात राबणाऱ्या या माणसांना वाचायला शिकवणं हा बऱ्याच राज्यांत गुन्हा होता. विचार करा, ‘ग म भ न’ गिरवून घेतलं म्हणून शिक्षा! उत्तरेकडे थोडी मोकळीक होती. तिथं १८३७ मध्ये फिलाडेल्फियात, एका चांदीकाम करणाऱ्या सद्‌गृहस्थाच्या मृत्युपत्रातल्या दहा हजार डॉलरमधून काळ्या मुलांसाठी संस्था निघाली. पुढं तिचंच चेनी विद्यापीठ झालं. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली आणि मग दक्षिणेत शाळांचं पीक आलं. नॅशव्हिलला १८६६ मध्ये फिस्क, वॉशिंग्टनला १८६७ मध्ये हॉवर्ड.

यांतल्या कितीतरी संस्थांनी पहिल्या दिवसापासूनच आपल्याला कॉलेज नाहीतर युनिव्हर्सिटी म्हणवून घेतलं. आणि शिकवत काय होत्या? बाराखडी! दुसरं करणार काय, वाचायलाच बंदी होती तर कॉलेजात बसेल असा विद्यार्थी आणायचा कुठून? फिस्कची शाळा लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या बराकींत भरायची, आणि पहिल्या विद्यार्थ्यांत सात वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे. आपण नाही का तान्ह्या लेकराचं नाव विक्रम ठेवत, तसं त्यांनी शाळेचं नाव युनिव्हर्सिटी ठेवलं. लेकरू पुढं नावाजोगं झालं.

पैशाचं काय? तेही ऐका. फिस्कवर कर्ज झालं, शाळा बंद पडायची वेळ आली. तेव्हा १८७१ मध्ये खजिनदार आठ-नऊ तरुण मुला-मुलींना घेऊन गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करत निघाले. बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. गाणी त्यांच्याच आई-बापांची, मळ्यात राबताना म्हटलेली. ही मंडळी पुढं इंग्लंडला गेली, राणी व्हिक्टोरियापुढं गायली, आणि त्या कमाईतून शाळेची पक्की इमारत उभी राहिली. टस्कीगीची संस्था १८८१ मध्ये सुरू झाली, तिथं विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. त्या संस्थेचे प्रमुख बुकर वॉशिंग्टन यांनी चौथ्या भट्टीसाठी खिशातलं घड्याळ गहाण टाकलं. घड्याळ परत मिळालं नाही, विटा मात्र नीट भाजल्या.

त्याच वर्षी अटलांटात दोन शिक्षिकांनी, सोफिया पॅकर्ड आणि हॅरिएट जाइल्स यांनी, एका चर्चच्या तळघरात बायकांसाठी शाळा काढली. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. त्यांतली एक मुलगी, बाकी दहा चांगल्या मोठ्या बायका, बऱ्याच गुलामीतून सुटलेल्या. मरण्याआधी बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढीच इच्छा. आपल्याकडच्या प्रौढवर्गातल्या आज्या पोथी वाचता यावी म्हणून येतात ना, अगदी तसंच. तीच शाळा आज स्पेलमन कॉलेज म्हणून नावाजलेली आहे.

आणि एक गोष्ट तर मला जाईबाईंच्या शेजारी मांडावीशी वाटते. मेरी मॅक्लाउड बेथ्यून. आई-बाप गुलामीतून सुटलेले, सतरा भावंडांतली ही पंधरावी. १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना गावी तिनं शाळा काढली, तेव्हा हातात भांडवल दीड डॉलर. पाच मुली आणि स्वतःचा लहान मुलगा, एवढे विद्यार्थी. बाकं म्हणजे फोडलेली खोकी. पेन्सिली म्हणजे जळक्या लाकडाचे तुकडे. शाई रानफळांच्या रसाची. शाळेचा खर्च भागवायला ती रताळ्याचे गोड पदार्थ करून मजुरांना विकायची. रताळी आपण आषाढी एकादशीच्या आधी बाजारातून आणतो, त्या वेळी या बाईची आठवण ठेवायला हरकत नाही! १९२३ मध्ये, म्हणजे जाईबाईंच्या शाळेनंतर एकाच वर्षानं, बेथ्यूनबाईंची शाळा दुसऱ्या एका संस्थेशी जोडली गेली आणि पुढं तिचं कॉलेज झालं. या दोघींना एकमेकींचं नावही माहीत नसेल. एक डोक्यावर ओझी वाहिलेली, दुसरी कापूस वेचलेली. दोघींनी केलं ते एकच.

दोन्हीकडं फरकही होता. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांची शाळा वेगळी असलीच पाहिजे असा कायदा होता, तो १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोडला. आपल्याकडं कायदा बहुतेक वेळा दार उघडं ठेवायचा, आणि ते लोटायचं काम माणसं करायची. कायदा मोडायला न्यायालय पुरतं. माणसांचं तसं नाही.

याचं उदाहरण पुन्हा आपल्या नागपूरचंच, आणि ते बायकांचं आहे, म्हणून सांगायला जीभ जड होते. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन इथं भरलं होतं. देशभरातल्या शिकल्या-सवरलेल्या, सुधारक घरांतल्या बायका जमल्या होत्या. बायकांचे हक्क, बायकांचं शिक्षण यांवर भाषणं व्हायची होती. जाईबाईही तिथं होत्या. जेवणाच्या वेळी त्यांचं पान वेगळं मांडलं. पंधरा वर्षं मुलींची शाळा चालवणाऱ्या बाईला बायकांच्याच परिषदेत पंगतीबाहेर बसवलं. ज्या बायका शाळेतून मुलं काढून घेत होत्या त्यांना आपण अडाणी म्हणून सोडून देऊ. इथं मात्र सगळ्या शिकलेल्या होत्या, बरं का. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ माझ्या मनातून ते पान जाईना.

जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणी रडत बसल्या नाहीत. त्यांनी निषेधाची सभा घेतली. आणि पाच वर्षांत, २० जुलै १९४२ ला, याच नागपुरात दलित वर्गाच्या स्त्रियांची स्वतःची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. पंचवीस हजारांच्या आसपास बायका जमल्या होत्या असं सांगतात. बाबासाहेबांनी तिथं भाषण केलं. समाज किती पुढं गेला हे आपण त्यातल्या बायका किती पुढं गेल्या यावरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं. ठराव कशाचे झाले पाहा. घटस्फोटाचा हक्क, एका बायकोवर दुसरी करण्याला बंदी, गिरणीतल्या कामकरी बायकांच्या सोयी, मुलींचं शिक्षण आणि त्यांच्यासाठी वसतिगृहं. त्या काळात सुखवस्तू घरांतल्या बायका घटस्फोट हा शब्द मोठ्यानं उच्चारत नव्हत्या!

पुढची शिडी बाबासाहेबांनी बांधली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं कॉलेज, ज्याला आपण मिलिंद म्हणून ओळखतो. या कॉलेजांचं दार त्यांनी सगळ्या जातींना उघडं ठेवलं. ज्यांना बाहेर बसवलं होतं त्यांनी आपल्या घरात कुणालाही बाहेर बसवलं नाही. सिद्धार्थ कॉलेज निघालं त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले विद्वान डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तुमच्या आणि आमच्या लोकांच्या स्थितीत पुष्कळ सारखेपणा आहे, असा त्याचा आशय. हे डु बॉइस कुठं शिकले होते ठाऊक आहे? त्याच फिस्कमध्ये, जी बराकीत सुरू झाली आणि गाणी म्हणून तगली. आपल्या नागपुरात १९६४ मध्ये दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर कॉलेज निघालं. तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं तिथं शिकली असतील, शिकत असतील.

हे सगळं आज का सांगते आहे? मागच्या महिन्यात वर्ध्याकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. नाव देत नाही. त्या लिहितात, “आमच्याकडे भांडी-धुणं करणारी बाई म्हणाली, ताई, माह्या पोरीले थोडं शिकवून द्या न जी. मुलगी पाचवीत आहे, पण धड वाचता येत नाही. मी हो म्हटलं. पण माझं शिक्षण जेमतेम अकरावी, मला जमेल का? आणि दुसरं म्हणजे सासूबाई म्हणतात, बसव, पण मागच्या ओसरीत. आमचा बंटी दिवाणखान्यात टेबलावर अभ्यासाला बसतो. तिला पाण्यालाही वेगळा पेला काढून ठेवला आहे. मला बरं वाटत नाही, पण घरात वाद नको. काय करू?”

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अकरावी खूप झाली. वर सांगितलेल्या कितीतरी शाळा, शिकणाऱ्यापेक्षा चार इयत्ता पुढं असलेल्या माणसांनीच चालवल्या. रोज अर्धा तास द्या, पण रोज द्या. पहिला महिना पुस्तक मिटून ठेवा. तुमच्या घरात छापलेलं जे आहे ते वाचायला द्या. कॅलेंडर, साबणाचं वेष्टन, किराण्याची चिठ्ठी, पेपरातले मथळे. जोडाक्षरांवर अडली तर रागावू नका, अडलेला शब्द वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तोच पहिला घ्या. रोज पाच शब्दांचं शुद्धलेखन. हिशेब भाजीच्या निमित्तानं करून घ्या, पाव किलो टमाटे आणि दहा रुपयांचा सांबार मिळून किती? दिवाळीपर्यंत ती धडा वाचून दाखवेल.

आणि तिच्या आईला दोन गोष्टी सांगून ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मोफत आहे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दुसरं, घरात धाकटं भावंड असेल तर अल्पसंख्याक संस्था सोडून इतर खासगी विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि मुदत ठरलेली असते. तो अर्ज भरायला तिच्यासोबत बसणं, दाखले गोळा करून देणं, हे आपल्यासारखीनं करायचं काम आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच चौकशी सुरू करा.

दुसरा प्रश्न खरा अवघड. सासूबाईंशी भांडू नका, पण त्यांचं ऐकूही नका. मुलीला टेबलापाशी बसवा, बंटीच्या शेजारी. सासूबाईंना सांगा की ओसरीत उजेड कमी पडतो आणि मला दोघांकडं एकदम लक्ष द्यायचं आहे. ते खोटंही नाही. पाणी सगळ्यांच्या माठातलं, सगळ्यांच्या पेल्यात. वेगळा पेला आजच फडताळातून काढून टाका, कुणाला काही न बोलता. दोन दिवस घरात तोंडं फुगतील. फुगू द्या. आपण एरवी सासरी कितीतरी गोष्टींवरून फुगलेली तोंडं बघतो, साडी कोणती नेसली आणि पोळी किती जाड लाटली यावरूनसुद्धा. ही गोष्ट त्यापेक्षा मोठी आहे. पाचवीतल्या मुलीला सगळं कळतं. आपल्याला पेला वेगळा का, हे ती कुणाला विचारणार नाही, पण वाचायला शिकण्याआधी ती ते शिकून जाईल. मग तुमची अर्ध्या तासाची मेहनत वाया.

आणि बंटीचाही विचार करा. तो समोर बसून बघतो आहे. शेजारच्या मुलीला कुठं बसवायचं हे त्याला कुणी शिकवत नाही, तो आपल्याकडं बघून शिकतो. जाईबाईंच्या वर्गातून ज्यांना काढून नेलं ती मुलंही अशीच घरी शिकली असतील.

शाळा सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. मुलांच्या वह्या आणायला बाजारात जाल तेव्हा दोन जास्तीच्या घ्या. कुणासाठी, ते तुमच्या घरी येणाऱ्या बाईंना विचारलं की कळेल. मुलगी किती पुढं गेली ते दिवाळीनंतर मला जरूर कळवा. ताई, तुमच्या पत्राची मी वाट पाहीन.